कागदाची पट्टी

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्वतः बांधायचा असं ठरलं आणि मी आधी व्हॉल्व्ह घेऊन आलो. चोरबाजारात एका पेटीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईएल ८४ दिसले आणि पुढचं सगळं नियोजन त्या दोन काचांभोवती फिरत राहिलं. मग भारी कपलिंग कॅपॅसिटर आले, पितळी नॉब आले. ट्रान्सफॉर्मरचा विचार सगळ्यात शेवटी केला. अॅम्प्लिफायर जिच्यावर उभा राहतो, तीच वस्तू मी उरलेल्या पैशांत बसवायला निघालो होतो.

ईएल ८४च्या माहितीपत्रकात प्लेटला २५० व्होल्ट लिहिलेले होते, म्हणून मी मेन्स ट्रान्सफॉर्मरही २५०-०-२५० चाच सांगितला. एसीचे २५० व्होल्ट डायोडमधून जाऊन कॅपॅसिटरवर साठले की १.४१ पट, म्हणजे ३५३ होतात, हे मला माहीत होतं, पण हिशेब करताना लक्षात आलं नाही. कॅपॅसिटर घेतले ३५० व्होल्टचे. त्यातून व्हॉल्व्ह तापून करंट ओढू लागेपर्यंत काही सेकंद जातात आणि सिलिकॉन डायोड मात्र बटण दाबताच, भार नसल्याने आणखी चढलेलं पूर्ण व्होल्टेज देतात. मीटरने ३८० दाखवले. एका कॅपॅसिटरचं डोकं फुगलं.

घाबरून मी बटण बंद केलं, व्हॉल्व्ह उपसून काढले आणि पुन्हा चालू करून व्होल्टेज तपासलं. मग बंद करून आत हात घातला. व्हॉल्व्हच नसल्यामुळे साठलेला चार्ज रिकामा व्हायला वाटच नव्हती. झटका खांद्यापर्यंत गेला आणि मी खुर्चीसकट मागे पडलो. दुसरा हात चॅसिसवर असता तर करंट छातीतून गेला असता. कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा, २ वॉटचा एक रेझिस्टर लावला असता तर मिनिटाभरात सगळं उतरलं असतं. दोन-चार रुपयांची ती वस्तू माझ्या यादीतच नव्हती.

मेन्स ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्टचा करून घेतला, कॅपॅसिटर ४५० चे लावले. आवाज आला, पण तबला नुसता टकटक वाजत होता. डग्गा गायबच. व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधले आउटपुट ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडजवळच्या एका वयस्कर वाइंडरकाकांनी गुंडाळले होते. काम कच्चं आहे, असं मी दोन मित्रांना सांगूनही टाकलं.

महिन्याभराने एका बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उघडला. मेन्स ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’च्या पत्त्या आलटून पालटून बसवतात. इथे सगळ्या ‘ई’ एका बाजूला, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची पट्टी होती. एका आउटपुट ट्रान्सफॉर्मरला एकच ईएल ८४ असेल तर त्याच्या वाइंडिंगमधून ४८ मिलीअँपिअर डीसी सतत वाहतो, आणि माझं सर्किट तसंच होतं. पुशपुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे डीसी एकमेकांना तोडतात, इथे तोडणारं कुणी नाही. कागदाने राखलेली ती फट नसली तर लोखंड आधीच चुंबकत्वाने भरून जातं आणि खालच्या सुरांना जागाच उरत नाही.

ऑर्डर देताना काकांनी विचारलं होतं, “साहेब, यातून डीसी जाणार का?” मी ठामपणे “नाही” म्हणालो होतो. मला प्रश्नच नीट कळला नव्हता आणि ते कबूल करायची लाज वाटली होती.

ट्रान्सफॉर्मर घेऊन मी परत गेलो. म्हटलं, “काका, चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतंत.” मित्रांना काय सांगितलं तेही बोललो. ते काही बोलले नाहीत. क्लँप सोडवून पत्त्या एकेक करून काढल्या, पुन्हा रचल्या आणि कागदाची घडी करून मधे ठेवली.

त्या रात्री डग्ग्याचा घुमारा खोलीभर आला. काकांना फोन लावून स्पीकरजवळ धरला. ते म्हणाले, “फोनवर डग्गा कुठे ऐकू येतो? घेऊन या इकडे.”