सांध्यांची सूज आणि शेवटची पंगत

साठी उलटलेल्या मंडळींच्या बैठकींत पेन्शन आणि नातवंडें यांच्या जोडीला गुडघा हा तिसरा विषय हटकून निघतो. आमच्या कोल्हापुरांत रंकाळ्याच्या कांठीं सकाळीं फिरावयास येणाऱ्यांत ज्याचा एकही सांधा कुरकुरत नाहीं असा गृहस्थ विरळा. प्रत्येकापाशीं रामबाण उपायही असतोच. कोणी हळद सांगतो, कोणी मेथी, कोणी लंघन. या विषयावर आम्ही थोडें वाचलें व थोडें घरांत पाहिलें. त्यांतील निवडक वाचकांपुढें ठेवीत आहों.

सूज ही मूळची शत्रु नव्हे. पायांत कांटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकते. शरीराचे शिपाई तेथें धांवून आल्याचीं हीं चिन्हें होत. काम उरकल्यावर त्यांनीं परत फिरावें. तसें न करितां ते ठाणें देऊन बसले म्हणजे जुनाट दाह सुरू होतो. पोटांतील फाजील चरबी हा दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत सोडते, आणि काम करणारे स्नायु तो शमविणारीं द्रव्यें सोडतात, असें आधुनिक वैद्यक सांगतें.

सुमारें बाराशें वर्षांपूर्वींच्या माधवनिदानांत आमवाताचीं कारणें देतांना विरुद्ध आहार व मंद अग्नि यांच्या जोडीला निश्चलता, म्हणजे हालचाल न करणें, हेंही घातलें आहे. आणि स्निग्ध भोजनावर लागलाच व्यायाम करणें हेंही. आहार व विहार एकाच तागडींत तोलण्याची ही दृष्टि आजही उपयोगी आहे. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, १९१२ सालीं, खासबाग मैदान उभें राहिलें त्या या नगरींत ती नवी नाहीं. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला म्हणजे पहिलवानाचें काय होतें, हें येथें पोरासोरांसही ठाऊक आहे.

आमच्या कनिष्ठ भावजयीचीं बोटें सकाळीं सुजलेलीं व आंखडलेलीं असत. कणीक मळवत नसे, वेणी घालवत नसे. रक्ततपासणी झाली. संधिवाततज्ज्ञांनीं सांगितलें कीं, शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा रोग अधिक आढळतो. वेळीं औषध न मिळाल्यास हाडें झिजून बोटें कायमचीं वांकतात. पथ्य आणि व्यायाम हे औषधाचे साहाय्यक, त्याचे बदली नव्हत. हें ज्यांस पटत नाहीं त्यांनीं पुढें वाचूंच नये.

आतां पथ्य. एकत्र कुटुंबांतील पथ्य बहुधा पहिल्या पंगतीचें असतें. मामंजींच्या रक्तदाबासाठीं भाजींत मीठ कमी, थोरल्यांच्या मधुमेहासाठीं भात कमी. आणि जिचीं बोटें सुजलीं ती माउली दोन वाजतां उरलासुरला भात व तळची आमटी संपविते. अन्न वायां जाऊं नये हा तिचा धर्म. पण त्या धर्माचा भार सांधे वाहतात. आमच्या घरीं आतां साडेबाराला एकच पंगत बसते. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी हें सर्वांस सारखें, तळण सणापुरतें. गुळाविषयीं बोललों तर कोल्हापूरकर रागावतील, परंतु गूळ हीही अखेर साखरच. हळदींतील गुणद्रव्य अंगीं फारच थोडें लागतें. ती फोडणींत असावी, तिच्यावर विसंबूं नये.

व्यायामाचें नांव काढतांच, “बायकांना तो कशाला? घरकाम आहेच,” असें उत्तर मिळतें. घरकामांत तेच सांधे तेच हिसके खातात; गुडघा सांवरणारे मांडीचे स्नायु त्यानें पुरेसे बळकट होत नाहींत. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार करितांना स्त्रियांस वगळलें नव्हतें. सुजलेल्या सांध्यांस नमस्कार झेपतीलच असें नाहीं. चालणें व खुर्चीवर बसून पाय सरळ ताणून धरणें बहुतेकांस झेपतें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगते, म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास. सांधा लाल व ऊन असेल त्या दिवशीं त्यास विसांवा द्यावा.

परंतु हा अर्धा तास कोठून आणावयाचा? आमच्याकडे सकाळचा चहा व दुधाचें तापविणें आम्ही आणि बंधु पाहतों; त्या वेळांत दोघी जावा रंकाळ्यापर्यंत जाऊन येतात. भावजयींस आतां कणीक मळतां येते. यांत औषधाचा वांटा किती, भाकरीचा किती, चालण्याचा किती, हें निवडून सांगतां येणार नाहीं. मोठा वांटा औषधाचा, असें त्या स्वतः म्हणतात.

ज्यांच्या घरीं कोणाचे सांधे सुजत असतील त्यांनीं पथ्याचा कागद भिंतीस लावण्यापूर्वीं, शेवटीं कोण जेवतें व काय जेवतें, एवढें स्वयंपाकघरांत जाऊन पाहावें, ही विनंति.