एस्तेरचा रोजा आणि परातीतले वाल

ठाणे



एस्तेर राणीचा उपास, हिब्रूत 'तानित एस्तेर', हा सहसा अदार महिन्याच्या १३ व्या दिवशी, म्हणजे पुरीमच्या आदल्या दिवशी, पहाटेपासून रात्र पडेपर्यंत पाळला जातो. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, घरांत उपासाला 'रोजा' आणि पुरीमला 'होळीचा सण' म्हणण्याची रीत होती. इस्राएलमधल्या अश्दोदला वाढलेल्या नातीला यांतली हिब्रू नावे तेवढी ठाऊक आहेत, आणि परीक्षेसारखे कठीण काम समोर असताना नेमके जेवणच का सोडायचे, हा तिचा प्रश्न ठाण्यातल्या आजीला आठवडाभर स्वस्थ बसू देत नाही.

या रोजाचे मूळ 'मगिल्ला', म्हणजे पुरीमला गुंडाळीवरून वाचला जाणारा एस्तेरचा ग्रंथ, यात आहे. होदूपासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करणाऱ्या अहश्वेरोश राजाकडून हामान या मंत्र्याने सर्व यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम मिळवला. तो फिरवायचा तर राजाची यहुदी राणी एस्तेर हिला राजासमोर जाणे भाग होते, आणि बोलावल्यावाचून जाणाऱ्यापुढे राजाने सोन्याचा राजदंड केला नाही तर मरण ठरलेले होते. तिला तर ३० दिवसांत बोलावणे आले नव्हते. तिने राजधानी शूशनमधल्या यहुद्यांना ३ दिवस, रात्री धरून, अन्नपाणी वर्ज्य करायला सांगितले, दासींसह स्वतःही तेच केले आणि तिसऱ्या दिवशी राजवस्त्रे लेवून ती आतल्या चौकात उभी राहिली. यातला होदू म्हणजे हिंदुस्थान, हे नातीने विसरू नये. ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात तिच्या पणजीचा देश आहे.

या ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही आणि प्रार्थनेचा स्पष्ट उल्लेखही नाही; जो विश्वास आहे तो उपासातच आहे. नवसाहून रोजा वेगळा तो येथे. नवसात कार्य झाले तर अमुक करीन अशी अट असते, आणि म्हणूनच एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने बोललेला नवस मलिदा, म्हणजे गोड पोहे व फळांचे ताट, करून फेडला जातो. एस्तेरने अट घातली नाही. प्राण गेला तरी चालेल, इतके मनाशी पक्के करून ती उठली.

नातीचे वडील इस्राएलला निघाले ते १९९४ साली की १९९५, यावर घरात अजून वाद आहे. आदल्या दिवशी पणजीने रोजा धरला होता, यावर नाही. त्या दिवशी पणजी उपाशीपोटी परातीत कडवे वाल घेऊन बसली होती. बिरडे म्हणजे भिजवून, मोड आणून, सोललेले हे वाल. यहुद्यांच्या प्राचीन देवळाच्या विध्वंसाचा शोक पाळण्याच्या 'तिशा बआव'ला बेने इस्राएल त्यावरूनच 'बिरड्याचा सण' म्हणत. कोमट पाण्यातला एकेक वाल ती चिमटीत दाबी, साल टोपलीत आणि दाणा पातेल्यात टाकी. मोड तुटलेला दाणा तिने वेगळा ठेवला, आणि रोजा असल्यामुळे मीठ चाखायला सुनेला बोलावले. एस्तेरनेही राजासमोर जाताच आमंत्रण दिले ते आधीच सिद्ध केलेल्या मेजवानीचे; म्हणजे उपाशी असतानाच तिच्या घरी चूल पेटलेली होती.

तेव्हा परीक्षेआधी रोजा धरायचा असेल तर पुस्तक मिटून धरू नये. आजाऱ्याला हा रोजा माफ आहे. गेल्या वर्षी चक्कर आलेल्या नातीने पाणी पिऊनच अभ्यास करावा, देव त्यासाठी रुसणार नाही. तक्रार एकच: इस्राएलमधल्या बेने इस्राएलांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले, आणि त्याच देशातून नात मात्र आजीला आवाजी निरोप धाडते, ज्यात मराठी शब्द मिठाएवढेच असतात. उत्तर चार ओळींचे का होईना, देवनागरीत यावे.

परीक्षेच्या दिवशी ठाण्यात रोजा असेल, आणि वाल त्याच्या दोन रात्री आधीच भिजत पडलेले असतील.