उजेडाला जामीन

आमच्या घराण्यात आजवर कुणी उजेड पाडल्याची नोंद नाही. माझे वडील शाळामास्तर. ते वर्गात पोरांना रोज विचारायचे, "तू पुढं काय उजेड पाडणार रे?" आणि शाळा सुटल्यावर तोच प्रश्न घरी आणून मला विचारायचे. मी बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो तेव्हा प्रश्न निकालात निघाला असं त्यांनी मानलं. उत्तर मिळालं असं मात्र ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. त्यामुळे जिंतूरचा माझा भाचा एका रविवारी परभणीला आला आणि "मामा, लाईटसाठी तुमची सही पाहिजे," म्हणाला, तेव्हा विजेच्या मीटरचा अर्ज असेल असं समजून मी पेन उघडलं.

अर्ज पतसंस्थेचा होता आणि सही जामीनदाराची. भाचा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याला एक दिवा घ्यायचा होता. 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं वीस वर्षं काउंटरवरून लोकांना सांगणारा मी न वाचता सही करून मोकळा झालो. बहिणीचा मुलगा पडला! १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम मला पाठ आहे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. पण कलम पाठ असणं वेगळं आणि पाठीवर येणं वेगळं.

पंधरा दिवसांनी भाचा दिवा दाखवायला आला. पिशवीतून त्याने घडी घातलेलं एक कापड काढलं.

"दिवा कुठाय?" मी विचारलं.

"ह्योच की मामा."

टॉवेलाएवढं कापड, त्यावर बाजरीच्या दाण्यांएवढे शेकडो दिवे शिवल्यासारखे बसवलेले. गुंडाळा, वाकवा, खांबाला लपेटा. फुलीसारख्या काड्यांवर ताणलं की पतंग, पुढे पांढरं फडकं लावलं की उजेड मऊ. माझ्या महिन्याच्या पगाराएवढं हे कापड हप्त्यांवर होतं आणि त्याला जामीन मी होतो. आम्ही चहा पीत असताना आईने वाळलेल्या कपड्यांबरोबर त्याचीही घडी घालून ती गोधड्यांत ठेवून दिली. दोन तास तारण बेपत्ता होतं. त्या दोन तासांत मी कलम १२८ तीनदा मनात म्हटलं.

दिवा सापडल्यावर भाच्याने मला ज्ञान दिलं. या दिव्याचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. तीन हजारांच्या आसपास जुन्या बल्बसारखा पिवळा, तो म्हणे उबदार. साडेपाच हजारांच्या आसपास भर दुपारसारखा पांढरा, तो म्हणे थंड. तापमानाचा आकडा वाढला की थंड आणि भर दुपार म्हणजेही थंड, हे मे महिन्यातल्या परभणीकराला पटावं कसं? मग आठवलं, आमच्याकडेही ग्राहकाची जमा ती बँकेची देणी असते. पटलं. दुसरा नियम असा, की दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड साधारण चौथाई होतो. हा नियम मला नातेवाइकांमुळे आधीच ठाऊक होता.

आणि या बाजरीच्या दाण्याचा मान केवढा! लाल एलईडी १९६२ पासून होता. निळा काही केल्या नीट जमेना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड होईना. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला तेव्हा त्यांचा मुख्य दिवा सूर्यनारायण होता. सूर्य ते सतरंजी, असा हा प्रवास.

मधल्या काळात हॅलोजन होता, आणि तो मी भोगला आहे. २००६ साली माझ्या लग्नात व्हिडिओवाल्याने हजार वॅटचा हॅलोजन आमच्या तोंडावर धरला होता. त्या दिव्यात उजेड थोडा आणि आच फार. पूर्ण सीडीत माझे डोळे मिटलेले आहेत. बायको म्हणते, "उघडे असते तर लग्न झालंच नसतं." वडील त्या सीडीत मोजून बारा सेकंद आहेत. कपाळावर आडवा हात, डोळे घट्ट मिटलेले, जणू भर उन्हात लांबची एस. टी. बघत उभे आहेत. ते २०१५ साली गेले. हलते-बोलते म्हणून आमच्याकडे तेवढेच आहेत. ती सीडी मी अधूनमधून एकटाच लावतो, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

असो. मे महिन्यात सेलूला एक लग्न होतं आणि भाच्याचा मदतनीस ऐनवेळी आला नाही. "मामा, नुसतं धरून उभं राहायचं," भाचा म्हणाला. कमरेला विटेएवढी बॅटरी आणि डोक्यावर काठीला लावलेलं ते कापड, असा मी चार तास उभा होतो. कलम १२८ म्हणतात ते हेच. वऱ्हाडात आमच्या शाखेचे तीन खातेदार निघाले. एकाने जवळ येऊन हळूच विचारलं, "साहेब, बँक सोडली का?" दुसरा म्हणाला, "न्हाई न्हाई, साहेबांनी उजेड धरलेला मी आजच बघायलो."

मंगलाष्टकांना सुरुवात झाली आणि वीज गेली. जनरेटर दोनदा घरघरला आणि गप्प बसला. अख्ख्या मांडवात उजेड एकच, माझ्या हातातला. "मामा, नवरीकडं!" भाचा ओरडला. "इकडे धरा हो, अक्षर दिसत नाही," गुरुजी म्हणाले. एकीकडे कर्जदार, दुसरीकडे धर्म! मी काड्या काढल्या आणि कापड कौलासारखं मधोमध वाकवलं. अर्धा उजेड नवरीला, अर्धा पोथीला. शुभमंगल वेळेवर लागलं. अक्षता मात्र बहुतेक माझ्यावर पडल्या, कारण लोकांना दिसणारा मीच होतो.

घरी परतताना मी भाच्याला म्हटलं, "रविवारी आजीचं शूटिंग घे."

आईने साफ नाही सांगितलं. "इतक्यात भिंतीवर लावायलात का मला?" शेवटी 'काही करायचं नाही, तूर निवडत बस' यावर तडजोड झाली. दिवा कपड्यांच्या दांडीवर टांगला, पिवळ्यावर ठेवला. संध्याकाळ झालेली. भाच्याने उजेड हळूहळू वाढवला. आईने सूप खाली ठेवलं, डोळे मिटले आणि दिवेलागणीला करावा तसा त्या कापडाला नमस्कार केला.

"आजी, डोळे उघडा."

"राहू दे," मी म्हटलं. "चालू ठेव."

आईने सावकाश डोळे उघडले आणि सरळ दिव्याकडे पाहिलं. "टोचत नाही रे हा," ती म्हणाली. "त्यांना टोचला होता."

म्हणजे ती सीडी एकटाच लावणारा घरात मी एकटा नव्हतो.

भाच्याचे हप्ते वेळेवर चालले आहेत. माझा उजवा खांदा अजून दुखतो. बायको शेक देते आणि पुढच्या वेळी वाचून सही करा म्हणते. वडिलांच्या प्रश्नाला आता थोडं तरी उत्तर माझ्याकडे आहे. उजेड काही मी पाडला नाही, मास्तर; पण चार तास धरला होता.