रीसेलचं लायसन्स

‘लायसन्स काढलंत का?’ हा प्रश्न आम्हांला गेल्या काही वर्षांत तीन देशांतून विचारला गेला आहे. गंमत अशी की विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनातलं लायसन्स वेगळं होतं, आणि त्यांतलं एकही न्यूझीलंडमध्ये मिळत नाही!

आमचं दुकान चिमुकलं. समया, निरांजनं, ताम्हन-पळी, तांब्याची भांडी, दिवाळीच्या सुमारास पणत्या आणि आकाशकंदील. सुरुवात झाली २०२१ च्या दिवाळीत. ऑकलंड तेव्हा लॉकडाऊनमध्ये होतं आणि ओळखीच्या घरांतून ‘पणत्या कुठे मिळतील हो?’ अशी विचारणा होत होती. आम्ही एका घाऊक व्यापाऱ्याकडून दोन खोकी आणली आणि लोकांच्या फाटकापाशी ठेवून, लांबूनच नमस्कार करून विकली. मग गणपतीत निरांजनं हवी झाली. मग कोणी म्हणालं, समई आणा ना! असं करता करता गॅरेजमधली गाडी रस्त्यावर आली आणि गॅरेजात दुकान आलं. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, आणि आमच्याकडे राहणारे अण्णा. ते आमच्यातल्या एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. गिरगावातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात त्यांनी पस्तीस वर्षं हिशेब लिहिला आहे.

पहिला प्रश्न कॅलिफोर्नियाहून आला, आतेभावाचा. ‘आधी सेलर्स परमिट काढा. मग होलसेलरला रीसेल सर्टिफिकेट दिलंत की तुम्हांला टॅक्स लागत नाही.’ त्याचं तिथलं बरोबर आहे. अमेरिकेतला सेल्स टॅक्स शेवटच्या गिऱ्हाइकाकडून एकदाच घेतात. मधल्या दुकानदारानं ‘हा माल मी पुन्हा विकणार आहे’ असं लिहून दिलं की तो सुटतो.

दुसरा प्रश्न मुंबईचा, ‘गुमास्ता काढलंत ना?’ गुमास्ता म्हणजे १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचा दाखला. पुण्यात त्यालाच शॉप ॲक्ट म्हणतात. २०१७ च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नुसती सूचना देऊन चालतं, पण जुन्या माणसांच्या तोंडातून तो शब्द काही जात नाही. आणि तिसरा प्रश्न घरातलाच. अण्णांच्या मते दुकान म्हटलं की लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी फ्रेममधला सरकारी कागद हवाच. ‘भिंतीवर काय लावायचं मग?’

इथे नव्या वस्तू आणून विकायला असं सरसकट लायसन्सच नाही. खाण्याच्या पदार्थांना आहे, दारूला आहे, जुन्या वस्तूंना आहे (त्याकडे शेवटी येतो). घरातून धंदा करायचा तर कौन्सिलचे नियम पाहावे लागतात. पण समई विकू का, म्हणून कोणाला विचारावं लागत नाही. विकायला लागायचं. हे ऐकून अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते.

मग घाऊक व्यापाऱ्याच्या फॉर्मवर तो ‘जीएसटी नंबर’चा रकाना कसला? आम्हांलाही आधी वाटलं, हेच ते रीसेलचं लायसन्स असणार. पण नंबर असो नसो, तो व्यापारी १०० डॉलरच्या समईचे ११५ च घेतो. इथली रीत अशी की वाटेतल्या प्रत्येकानं आधी कर भरायचा आणि मग नोंदणी असेल तर सरकारकडून परत मागायचा. अमेरिकेत दुकानदार म्हणतो, माझ्याकडून घेऊ नका. इथे म्हणायचं, घेतलात तेवढा परत द्या.

हा कर रॉजर डग्लस अर्थमंत्री असताना १ ऑक्टोबर १९८६ ला दहा टक्क्यांनी सुरू झाला, १९८९ मध्ये साडेबारा झाला आणि १ ऑक्टोबर २०१० पासून पंधरा. तांदूळ, दूध, कांदे, शाळेची पुस्तकं, सगळ्यांना एकच दर. भारतात २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कोणत्या वस्तूला किती टक्के यावर घरोघर वाद झाले. इथे ती सोय नाही. वर्षाची विक्री ६०,००० डॉलरच्या पुढे गेली किंवा जाणार असं दिसलं तर नोंदणी सक्तीची. त्याखाली तुमची मर्जी.

ही ‘मर्जी’च आमच्या घरात दोन वर्षं वादाचा विषय होती. कारण आमचं गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच, मंडळी! घरगुती माणसं, ज्यांना कर परत मागता येत नाही. हिशेब पाहा. ११५ ला आणलेली समई १६० ला विकली. नोंदणी नसली तर हातात ४५ राहतात. नोंदणी असली तर १६० मधले २० डॉलर ८७ सेंट सरकारचे, खरेदीवर भरलेले १५ परत, म्हणजे एका समईमागे ५ डॉलर ८७ सेंट गेले आणि हातात उरले ३९ डॉलर १३ सेंट. पूर्वीचेच ४५ हवे असतील तर समईची किंमत १६६ डॉलर ७५ सेंट करायला हवी. नुसतं ‘नोंदणी करून टाका, कर परत मिळतो’ असं कोणी समारंभात सांगितलं तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

किमतीतला कर काढायचा गुणक तीन तेविसांश. पंधरा भागिले एकशे पंधरा, तेच ते. हा मात्र अण्णांना फार आवडला. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला तेविसाचा पाढा म्हणजे पोरखेळ. साडेबारा टक्क्यांच्या काळात हाच एक नवमांश होता हे कळल्यावर ते हळहळले. ‘तेव्हा यायला हवं होतं!’

पहिली दोन वर्षं आम्ही नोंदणीबाहेर राहिलो. (इन्कम टॅक्स भरतच होतो. जीएसटी नंबर नाही म्हणजे नफा करमुक्त, असा समज आपल्यात बराच आहे, म्हणून लिहिलं.) पारडं फिरलं ते २०२३ मध्ये. सँडरिंगम रोडच्या बाजूला एक छोटा गाळा मिळत होता, भाडं अधिक जीएसटी. आणि माल आम्ही आता थेट मागवणार होतो, पितळ मुरादाबादहून आणि तांबं पुण्याच्या तांबट आळीतून. हजार डॉलरच्या वरच्या मालाला कस्टम्सकडे इंपोर्ट एंट्री करावी लागते आणि मालाची किंमत, जहाजाचं भाडं, विमा या सगळ्यावर पंधरा टक्के तिथेच भरावे लागतात. बारा हजारांच्या मालावर अठराशे डॉलर. एकही समई विकली जायच्या आधी! हे पैसे घरासाठी साठवलेल्यातले होते. आमच्यातल्या एकीनं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. नोंदणी नसती तर ते अठराशे आणि भाड्यावरचा कर गेला तो गेलाच.

नोंदणी घरबसल्या मायआयआरवर अर्ध्या तासात झाली. फी नाही. स्वतःच्या नावानं धंदा करणाऱ्याचा आयआरडी नंबर हाच जीएसटी नंबर, त्यामुळे नवा नंबरसुद्धा मिळाला नाही. अण्णांच्या भिंतीला पुन्हा काहीच नाही.

दर दोन महिन्यांनी रिटर्न भरतो. सहा महिन्यांचीही सोय आहे, पण गोळा केलेला कर बँकेत सहा महिने पडून राहिला की आपलाच वाटायला लागतो. आम्ही त्याचं खातंच वेगळं काढलं आहे. पुढच्या महिन्याची २८ तारीख ही मुदत. अपवाद दोन, मार्चअखेरचं रिटर्न ७ मेपर्यंत आणि नोव्हेंबरअखेरचं १५ जानेवारीपर्यंत. नव्यानं सुरू करणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. उद्या नोंदणी रद्द केलीत तर दुकानात शिल्लक असलेल्या मालावर कर भरावा लागतो. आत शिरणं फुकट आहे, बाहेर पडणं नाही.

आता वहीचं. कागदपत्रं सात वर्षं जपायची, आणि ती इंग्रजीत किंवा माओरीत हवीत. दुसऱ्या भाषेत ठेवायची तर परवानगी मागावी लागते. अण्णांनी तोवर लाल बासनातली वही घातली होती, वर ‘श्री’ आणि पाडव्याला कुंकू. त्यांना सांगणं आमच्या जिवावर आलं होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘इंग्रजांच्या वेळीसुद्धा गिरगावात मराठीत हिशेब चालत होते.’ पण आता ते रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर इंग्रजीत भरतात आणि मग वहीत मराठीत उतरवतात. दोन्हींचा मेळ बसला नाही तर जेवत नाहीत. आजवर चूक कॉम्प्युटरमध्येच निघाली आहे.

गणित, तारखा, वह्या हे सगळं जमतं. अवघड आहे ते आपल्याच माणसांशी. ‘अहो, बिल कशाला? कॅश देतो, पंधरा टक्के सोडा.’ हे इतक्या सहज म्हटलं जातं की म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आम्ही या देशात उतरलो त्या दिवशी एका कुटुंबानं आमच्यासाठी वरण-भात पाठवला होता, पहिला हिवाळा त्यांनी दिलेल्या हीटरवर काढला. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी वीस समया मागितल्या आणि हेच म्हणाले. आम्ही म्हटलं, समईमागे दहा डॉलर आमच्या नफ्यातले सोडतो, पण विक्री वहीत येईल. त्यावर ‘आम्हांलाही कायदा शिकवता का?’ असं उत्तर आलं. समया त्यांनी दुसरीकडून घेतल्या. लग्नाला आम्हांला बोलावलं, आम्ही गेलो, त्या समया सुंदर दिसत होत्या. दुकानात मात्र ते अजून आलेले नाहीत.

याउलट कौन्सिलच्या नावानं उगाच घाबरणारेही आहेत. मंडळाच्या स्टॉलवर बटाटेवडे विकायला लायसन्स लागेल का, असं आम्हांला नेहमी विचारतात. निधी गोळा करण्यासाठी वर्षातून वीस वेळांपर्यंत पदार्थ विकायला २०१४ च्या फूड ॲक्टखाली नोंदणी लागत नाही. पदार्थ मात्र सुरक्षित असलाच पाहिजे. पण घरी केलेला चिवडा आमच्या दुकानात विकायला ठेवायचा तर तो धंदा झाला, नोंदणी हवी. तेव्हा भगिनींनो, रागावू नका.

आणि आता खऱ्या रीसेलच्या लायसन्सबद्दल. ते आहे, पण जुन्या वस्तूंसाठी. जुनी वस्तू एखाद्याकडून विकत घेऊन पुन्हा विकायची, असा धंदा करायचा तर २००४ च्या कायद्याप्रमाणे न्याय मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो. कायद्याच्या नावातच सेकंडहँड डीलरच्या जोडीला पॉनब्रोकर आहे, म्हणजे गहाणवट ठेवणारा. ‘आपल्या घरात सावकारी?’ असं आमच्या आत्यानं फोनवर विचारलंच. परवाना पाच वर्षांचा. पोलिसांकडे विचारणा होते. विकणाऱ्याची ओळख पटवून नोंदवावी लागते आणि घेतलेली वस्तू चौदा दिवस तशीच ठेवावी लागते, चोरीची निघाली तर सापडावी म्हणून.

शंभर वर्षांपूर्वी इथे आलेल्या गुजराती आणि पंजाबी माणसांपैकी कितीजण दारोदार रिकाम्या बाटल्या गोळा करून विकत, फेरीवर भाजी-फळं विकत. त्या मानानं आम्ही गाळ्यात बसून अर्ज भरतो आहोत.

अर्ज भरतो आहोत कारण एक काकू ब्रिस्बेनला मुलाकडे कायमच्या निघाल्या आहेत. त्यांच्याकडे पितळेचा मोठा डबा, घंगाळ, दोन हंडे आणि पाच वाट्या-फुलपात्रांचा संच आहे. मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. आम्ही विकत घ्यावं अशी त्यांची इच्छा. असं विचारणारी ही तिसरी घरं, म्हणजे एकदाची हौस म्हणून सोडून देण्यासारखं राहिलेलं नाही. जीएसटी न भरणाऱ्या घरातून जुनी वस्तू घेतली तरी किमतीच्या तीन तेविसांशांची वजावट मिळते, हेही अण्णांनी शोधून ठेवलं आहे.

परवाना येईपर्यंत भांडी काकूंचीच. ती आमच्या गॅरेजात चादरीत बांधून ठेवली आहेत, पैसे दिलेले नाहीत. त्यांचं विमान पुढच्या महिन्यात आहे. परवा अण्णांनी नोंदीसाठी वर्णनं लिहायला घेतली. डब्याच्या तळाशी नाव घातलेलं आहे, ‘चि. सौ. कां.’ पासून सुरू होणारं, खाली ‘वैशाख शके १८९३’. नोंद इंग्रजीत करायची. शके १८९३ म्हणजे १९७१ हे त्यांनी चटकन काढलं. ‘चि. सौ. कां.’ ला इंग्रजीत काय लिहायचं, तो रकाना अजून कोरा आहे.