नव्यासारखी

लॉस एंजेलिसला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा जावयाने एका दुपारी जुन्या लॅप स्टील गिटारींच्या दुकानात नेलं. "बाबा, तुमची ती हवाईयन गिटार म्हणजे हीच ना?" हीच. फक्त मांडीवर आडवी घेऊन वाजवायची वस्तू भिंतीवर उभी टांगलेली पाहून, गाढ झोपलेल्या माणसाला उठवून उभं केल्यासारखं वाटलं.

काचेच्या कपाटात रिकनबॅकरची 'फ्रायिंग पॅन' होती. गोल बुटकं अंग, लांब दांडा. खरोखर आम्लेटचा तवाच. १९३२ साली ती याच शहरातून बाजारात आली. आज पोरं छातीशी धरून मिरवतात त्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी या तव्याच्या धाकट्या बहिणी. नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांना कवेत घेतात. अंग ओतीव ॲल्युमिनियमचं, त्यामुळे स्टेजवरच्या दिव्यांनी तापलं की सूर हलायचा. मग कंपनीने बेकेलाइटच्या गिटारी काढल्या.

दुकानदाराला मात्र दुसरीच दाखवायची होती. मोतिया प्लास्टिकने मढवलेली, विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त गिटार. (या प्लास्टिकला तिकडे थट्टेने कमोडच्या सीटचं नाव आहे.) "बघा, अगदी नव्यासारखी!" तो म्हणाला. एक ओरखडा नाही. दांड्यावरच्या रेघांशेजारी कुणीतरी पेन्सिलीने स्वरांची अक्षरं लिहिली होती. बारीक, शाळकरी अक्षर. सातव्या रेघेपर्यंतच. पुढे सगळं कोरं.

एके काळी अमेरिकेत या वाद्याचं वेड घरोघरी होतं. क्लीव्हलंडच्या ओआहू कंपनीसारखे लोक धडेही विकायचे आणि गिटारीही. एवढ्या गिटारी इतक्या चांगल्या अवस्थेत कशा उरल्या, याचं उत्तर मला त्या सातव्या रेघेपाशी मिळालं. जी रोज वाजली ती झिजली असणार. नव्यासारखी राहिली ती कुणीतरी शिकणं सोडलं म्हणून.

मीही सोडलं होतं. व्हॅन शिपलेच्या गिटारीवरची गाणी रेडिओवर ऐकून दादरला क्लास लावला. या वाद्याला बोटाने दाबायचे पडदे नसतात, नुसत्या रेघा असतात. तारा उंच ताणलेल्या. डाव्या हातातला पोलादी बार त्यांवर अलगद टेकवून सरकवायचा, तोही बरोबर रेघेच्या वर. मान जरा तिरपी झाली की रेघ दुसरीकडेच दिसते. "डोळ्यांनी काय बघतोस? ऐक!" मास्तर ओरडायचे. मींडेवर पोसलेल्या आपल्या कानांना हे सरकणं परकं वाटलंच नाही. ब्रिजभूषण काब्रांनी तर याच जातीच्या गिटारीवर राग वाजवले, 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या पंगतीला ती मानाने बसली. माझी मजल तीन सिनेगीतांपर्यंत गेली. मग बँकेची परीक्षा आली आणि गिटार आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली. इमारत पुनर्विकासाला दिली तेव्हा पुतण्याने ती खाली काढली. "काका, अगदी नव्यासारखी आहे हो!" त्याला कौतुक वाटलं होतं. मी ती कुणाला तरी देऊन टाकायला सांगितली आणि चहा टाकायला आत गेलो.

दुकानदाराने स्टूल पुढे केलं, ती मोतिया गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि हातात बार दिला. गार, आणि आठवत होता त्यापेक्षा जड. पाचव्या रेघेवरून सातवीकडे निघालो. रेघ गाठली असं डोळ्यांना वाटलं, पण सूर खालीच होता. केसभर पुढे सरकवला, तेव्हा जमला. एका जुन्या गाण्याची पहिली ओळ कशीबशी निघाली. जावई मोबाइलवर शूटिंग करत होता.

"पुढे, बाबा?"

"पुढचं येत नाही," म्हटलं, आणि बार पुसून परत दिला.