मेडारमला निघालेली ट्रॉली

आलापल्ली मागे पडली तेव्हा अजून उजाडायचं होतं. ट्रॉलीत बकरा सोडून बाकी सगळे गोधड्यांत गुरफटले होते. मी मामांच्या डाव्या हाताला, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. कानटोपी, तिच्यावर मफलर, तरी नाकाचा शेंडा बधिर. दुपारी हाच रस्ता अंगावरचा सदरासुद्धा नको करणार, हे ठाऊक होतं. आमच्याकडचा फेब्रुवारी असाच, सकाळी शेकोटी आणि दुपारी ताकाचा गडवा.

साल २०२४. मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा २१ ते २४ फेब्रुवारीला होती. दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमाराला तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, जंगलात, ही जत्रा भरते आणि एक कोटीच्या वर माणूस जमतो. अहेरी-सिरोंचा भागातली कितीतरी घरं तिकडं जातात. मामांना नातू झाला तेव्हा मामींनी नवस बोलला होता, पोराच्या वजनाइतकं ‘बंगारम’ वाहीन. बंगारम म्हणजे सोनं, पण मेडारममध्ये गुळालाच बंगारम म्हणतात. पोरगं आता अडीच वर्षांचं. मामा म्हणाले, आणखी एक जत्रा थांबलो तर गूळ महाग पडेल.

मी चंद्रपूरला शिक्षक. चार दिवसांची रजा टाकून गोंडपिपरी-आष्टीमार्गे एसटीनं आदल्या दिवशीच आलो होतो. ट्रॉलीचं घर करण्याचं काम त्यामुळे मला पाहायला मिळालं. तळाला हातभर तणस, त्यावर सतरंज्या. बाजूच्या पत्र्यांना बांबू वाकवून बांधलेल्या सहा कमानी, त्यांवर निळी ताडपत्री. तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन, गुळाच्या भेल्या, भांडी. मामांनी एकेक वस्तू स्वतः लावली, आणि मामींनी सोयीसाठी पाण्याचे कॅन मागच्या फाळक्याशी नेले तेव्हा ते परत पुढं आणले.

“पाणी मांगं नेलं तर तुझा नातूच मांगं राहीन,” ते म्हणाले.

त्यात चेष्टा कमी होती. ट्रॉलीला दोनच चाकं. वजन चाकांच्या मागं गेलं की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पकड सोडतात. फार पुढं आलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या. म्हणून वजन चाकांच्या थोडंसंच पुढं. विज्ञान मी शिकवतो. तरफ फळ्यावर शंभरदा काढली असेल, पण तिच्यावर माझी मामी कधी बसली नव्हती.

शेतीच्या ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हेही मी वर्गात सांगतो. तरी आम्ही नऊ जण निघालो. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

आलापल्ली ते सिरोंचा शंभरेक किलोमीटर. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग, ३५३ सी. प्रत्यक्षात कुठं गुळगुळीत, कुठं खोदलेला, कुठं नुसती गिट्टी. रिकाम्या हातानं जाणाऱ्याला खड्डा एकदा बसतो. ट्रॉलीवाल्याला तीनदा, पुढच्या चाकाला, मागच्या चाकाला आणि मग ट्रॉलीतून येणाऱ्या आरडाओरड्याला. दोन्ही बाजूंनी सागाची पानं गळून गेलेली, मधेच पळस पेटलेला. मामा मात्र झाडं बघत नव्हते. हुकाची पिन गाळ्यात खडखडते, त्या आवाजावर त्यांचा कान होता. आवाज बदलला की थांबायचं, उतरायचं, पिनेची चावी जागेवर आहे का पाहायचं.

रेपनपल्लीच्या पुढं रस्ता बरा लागला आणि मामा म्हणाले, “घे मास्तर, तू चालव.”

मी चालवला. पंधरा-वीस मिनिटं मोठा रुबाब वाटला. मग नाल्याकडं जाणारा उतार आला आणि मी स्कूटरवर करतो तेच केलं, क्लच दाबला आणि गाडी सोडून दिली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. क्षणभर काही झालं नाही. मग मागून कोणीतरी खांदा लावून ढकलावं तसा ट्रॅक्टर पुढं सरकला, आणि दांडी तिरपी होऊन ट्रॉली माझ्या उजव्या अंगाला डोकावायला लागली. मी ब्रेकवर पाय मारला. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. नांगरताना जागेवर वळायला ते बरं पडतं. रस्त्यावर येताना दोन्ही पायडल खटक्यानं जोडायचे असतात. मामांनी ते जोडले होते. नसते, तर माझा पाय एकाच पायडलवर पडून आम्ही सगळे नाल्यात असतो.

“किलच सोड! किलच सोड, बापा!”

क्लच सोडला. इंजिननं घुरघुरत वजन अडवलं. खाली रपट्यावर येऊन थांबलो तेव्हा माझे गुडघे थडथडत होते. ट्रॉलीतून मामींचा आवाज आला, “गूळ सांडला का पोरगं?” दोन्ही जागेवर होते. बकऱ्यानं मात्र गडबडीत भेलीचा एक कोपरा खाल्ला होता. सिरोंच्यापर्यंत पुन्हा मला कोणी स्टिअरिंग दिलं नाही, मी मागितलंही नाही.

मामांचे वडील याच जत्रेला बैलांच्या रेंगीतून जात. बैल सिरोंच्याला ठेवायचे, डोंग्यातून गोदावरी उतरायची आणि पुढं चालत. आता पुलावरून आम्ही जेवणाच्या गप्पा मारत कालेश्वरमला उतरलो. पुढं महादेवपूर, काटारम, आणि मग जंगलातली ट्रॉल्यांची, बसगाड्यांची रांग. निम्मा दिवस आम्ही चालण्याच्या वेगानंच गेलो.

मेडारमला मूर्ती नाही, याचं मला फार अप्रूप. सारलम्मा पहिल्या दिवशी कन्नेपल्लीहून येते, सम्मक्का दुसऱ्या दिवशी चिलकलगुट्टा टेकडीवरून, कुंकवाच्या करंड्याच्या रूपात. काकतीय राजा प्रतापरुद्राच्या फौजेशी लढलेल्या कोया मायलेकींची ही कथा. सम्मक्काचा मुलगा जंपन्ना ज्या ओढ्यात पडला, त्याच जंपन्ना वागूत अंघोळ करून लोक गादीकडं जातात. तिसऱ्या दिवशी पोराला तराजूत बसवलं. बकऱ्यानं खाल्लेल्या कोपऱ्याएवढा गूळ कमी भरला. मामींनी तिथल्याच दुकानातून दुप्पट भावानं अर्धा किलो घेतला आणि बकऱ्याकडं जे पाहिलं, ते त्या जनावराला कळलं असावं.

परतीच्या वाटेवर, २५ तारखेला, सिरोंच्याच्या अलीकडं आभाळ भरून आलं. आमच्या ट्रॉलीत उरलेलं सामान थोडं, प्रसादाचा गूळ आणि झोपलेलं पोरगं. रस्त्याकडेच्या शेतात लाल मिरची वाळत घातली होती, खळंभर. याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. कित्येक गावांत तेव्हा म्हातारी आणि पोरंच असतात. त्या खळ्यावर एक नवराबायको दोघंच धावत होती. फाटक्या ताडपत्रीनं निम्मं खळंसुद्धा झाकलं जात नव्हतं.

पहिले टपोरे थेंब पडले तशी मामांनी ट्रॉली रस्त्याच्या खाली घेतली. कोणाला काही न विचारता त्यांनी कमानींच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. सोडायला वेळ नव्हता. आम्ही चौघांनी निळी ताडपत्री ओढत नेऊन मिरचीवर टाकली आणि कडांना दगड ठेवले. तोवर वीतभर अंतरावरचं दिसेना. बोराएवढ्या गारा. बायका-पोरं ट्रॉलीखाली चाकांमध्ये बसली, आम्ही ट्रॅक्टरच्या आडोशाला. मामींनी प्रसादाचा गूळ पदराखाली धरला, तरी तो पाझरून लुगड्याला चिकटला. पाव तासात सगळं संपलं आणि अंगाला झोंबणारा वारा सुटला.

तो शेतकरी तेलुगू बोलत होता, मामा त्याच्याशी तेलुगूत. मला एवढंच कळलं की ताडपत्री राहू द्या म्हणून मामा सांगत होते, कारण रात्री पुन्हा पडेल. आलापल्लीपर्यंत आम्ही उघड्या कमानींखाली, ओल्या तणसावर, कुडकुडत आलो. मामी वाटभर बोलल्या. त्यांचंही चूक नव्हतं, ताडपत्री नवी होती.

आठवड्यानं ती सिरोंच्याहून येणाऱ्या एसटीच्या वाहकाबरोबर आली, नीट घडी करून. घडीत दोन किलो लाल मिरची होती. निम्मी मामींनी मला चंद्रपूरला पाठवली. दिवाळीपर्यंत पुरली.