चिठ्ठी

नाशिक जिल्ह्यातील वणी हे माझे गाव. गावाच्या उत्तरेला सप्तशृंगीचा डोंगर आहे. भोवताली द्राक्षांच्या बागा आहेत. हंगामात सुरगाणा, पेठ या भागांतून मजूर इथे कामाला येतात.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत माझ्या निबंधाला नेहमी चांगले गुण मिळत. त्यामुळे मी स्वतःला लेखकच समजू लागलो होतो. एके दिवशी बागेत काम करणारी एक बाई आमच्या ओट्यावर आली. तिचा मुलगा दूरच्या आश्रमशाळेत शिकत होता. ती म्हणाली, "बाळा, माझ्या पोराला एक चिठ्ठी लिहून दे."

ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. तिचे शब्द मला फार साधे वाटले. म्हणून मी माझ्या मनानेच लिहिले, 'मातेचे हृदय तुझ्या आठवणीने व्याकूळ झाले आहे.' चिठ्ठी वाचून दाखवली. वाटले, ती शाबासकी देईल.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लई छान लिहिलंस. पण हे माझं बोलणं नाही. शेळीला दोन पिल्लं झाली, काळं पिल्लू त्याच्यासाठी राखलंय, ते कुठं गेलं?"

मी खाली मान घातली. ती चिठ्ठी फाडून टाकली आणि दुसरी लिहिली. या वेळी तिचा एकही शब्द बदलला नाही. 'काळं पिल्लू तुझ्यासाठी राखलंय,' हे वाचताना माझाच गळा दाटून आला. मुलाला भेटण्याची तिची सारी ओढ त्या पिल्लात होती. मला ती आधी ऐकूच आली नव्हती.

पुढे मी कवी नारायण सुर्वे यांच्याविषयी वाचले. त्यांना आपले जन्मदाते ठाऊक नव्हते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि नंतर ते शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. आसपासची कष्टकरी माणसे त्यांच्या कवितेत आपल्याच भाषेत बोलतात. १९९८ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

मला असा मान मिळालेला नाही. दिवसा मी एका दुकानात हिशेब लिहितो आणि पहाटे उठून कथा लिहितो. कित्येक कथा 'साभार परत' येतात. त्या दिवशी वाईट वाटते. मग मी ती कथा मोठ्याने वाचतो आणि मनाला विचारतो, 'त्या बाईने ही ऐकली असती, तर काय म्हटले असते?' जिथे उत्तर देता येत नाही, तिथे मी शब्द खोडतो आणि पुन्हा लिहायला बसतो.